चार कॅमेरे, एक डीव्हीआर : शरियतच्या पुराव्याला हा संच कितपत उतरतो

लाहोरच्या हॉल रोडवर किंवा कराचीच्या सदर बाजारात दुकानदार जो संच सर्रास पुढे करतात तो असा : 2 मेगापिक्सेलचे चार कॅमेरे, चार चॅनेलचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र), 1 टीबीची डिस्क, वायरचं बंडल आणि 12 व्होल्टचा एक अडॅप्टर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतो त्याचाच हा सख्खा भाऊ. चित्र किती स्वच्छ, मोबाइलवर दिसतं का, बसवणाऱ्याची मजुरी किती, यावर लिहिलेलं भरपूर सापडतं. इथे कसोटी एकच आहे. चोरी, खून किंवा बलात्काराचा खटला पाकिस्तानच्या कोर्टात उभा राहिला, तर हा संच तिथे काय कामाचा?

निकाल आधीच सांगून टाकतो. हद्दच्या, म्हणजे शरियतने ठरवून दिलेल्या, शिक्षेसाठी शून्य गुण, आणि ते कितीही महाग कॅमेरा घेतला तरी शून्यच राहतात. ताझीरसाठी, म्हणजे न्यायाधीशाच्या विवेकावरच्या शिक्षेसाठी, उत्तम, पण कारखान्यातून येतो त्या सेटिंगवर नाही. फूटेज कोर्टात पडतं तेव्हा दोष बहुधा धर्मशास्त्राचा नसतो. घड्याळ, डिस्क आणि मुद्देमालाची नोंद या तीन जागी ते पडतं.

ही उतरंड नीट समजली नाही तर खरेदीच चुकते. हद्द म्हणजे ठरलेली शिक्षा. ती न्यायाधीशाला कमी-जास्त करता येत नाही, म्हणूनच तिचा पुरावाही ठरलेला आहे. किसास म्हणजे खून-जखमेबद्दल बरोबरीची शिक्षा, ज्यात वारसांना माफ करण्याचा किंवा दियत, म्हणजे रक्ताची भरपाई, घेण्याचा हक्क असतो. बाकी सगळं ताझीर, म्हणजे न्यायाधीशाच्या विवेकावर. पाकिस्तानात हुदूदचे (हद्दचं अनेकवचन) अध्यादेश 1979 मध्ये आले, किसास आणि दियतची कलमं 1990 मध्ये दंडसंहितेत शिरली, आणि पुराव्याचा कायदा म्हणून 1984 चा कानून-ए-शहादत आहे. एकाच घटनेत हद्दचा पुरावा अपुरा पडला म्हणून आरोपी सुटतोच असं नाही. तोच खटला ताझीरवर उतरतो. कॅमेऱ्याची खरी जागा तिथे आहे.

झिनाच्या, म्हणजे विवाहबाह्य संभोगाच्या, हद्दसाठी 1979 च्या अध्यादेशाचं कलम 8 दोनच वाटा ठेवतं : कोर्टासमोर कबुली, किंवा प्रत्यक्ष संभोग डोळ्यांनी पाहिलेले किमान चार सज्ञान मुस्लिम पुरुष. या चौघांची ‘तझकियत-उल-शुहूद’ व्हावी लागते. म्हणजे माणूस सचोटीचा आहे का, मोठ्या पापांपासून दूर राहतो का, याची चौकशी कोर्ट करतं. कॅमेऱ्याची अशी चौकशी कशी करणार? आणि मुद्दा तेवढ्यावर थांबत नाही. हद्दमध्ये साक्षीदाराला शिक्षेपर्यंत कधीही साक्ष मागे घेता येते, आणि घेतली की हद्द टळते. हनफी पंथाच्या मतानुसार दगडांच्या शिक्षेत पहिला दगड साक्षीदारांनीच मारायचा असतो, आणि त्यांनी हात आखडला तर शिक्षा थांबते. पाकिस्तानच्या अध्यादेशाच्या कलम 17 मध्येही साक्षीदारांनीच सुरुवात करायची तरतूद आहे. (अशी शिक्षा सरकारने आजवर एकदाही अमलात आणलेली नाही.) साक्षीदाराच्या सदसद्विवेकावर अशी सगळी भिस्त ठेवणारी ही रचना मुळातच हद्द दुर्मिळ व्हावी म्हणून केलेली दिसते. तिथे यंत्र बसत नाही.

खलिफा उमर यांच्या काळातला बसऱ्याचा सुभेदार मुघीरा इब्न शुबा याच्यावरचा झिनाचा आरोप फिकहच्या, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राच्या, चर्चेत वारंवार येतो. तिघांनी ठाम साक्ष दिली, चौथ्याने ऐन वेळी नेमकं पाहिल्याचं सांगितलं नाही. शिक्षा झाली ती तिघा साक्षीदारांना, खोट्या आळाबद्दल. म्हणून ‘तीन साक्षीदार अधिक एक व्हिडिओ’ हे गणित कुणी मांडत असेल तर ते त्या तिघांनाच गोत्यात आणणारं आहे. बलात्काराची गोष्ट मात्र वेगळी. 2006 च्या स्त्री संरक्षण कायद्याने तो गुन्हा हुदूदमधून काढून दंडसंहितेत, कलम 375 आणि 376 खाली आणला. तिथे फूटेज, डीएनए, वैद्यकीय अहवाल सगळं चालतं.

चोरीत गणित थोडं मजेदार आहे. हद्द लागायला माल किमान 4.457 ग्रॅम सोन्याच्या किमतीचा हवा, तो ‘हिर्झ’मधून, म्हणजे राखणीच्या जागेतून गेलेला हवा, आणि पाहणारे दोन सज्ञान मुस्लिम पुरुष हवेत किंवा कबुली हवी. फूटेज यातली एक अट फार छान दाखवतं : शटर बंद होतं, कुलूप तोडलं, माल बाहेर आला. पण किंमत ते दाखवत नाही, त्यासाठी खरेदीची पावती आणि चोरीच्या दिवसाचा भाव लागतो. आणि दोन साक्षीदारांची जागा तर ते घेतच नाही. दुकानदाराचं त्यात नुकसान काही नाही. प्रकरण दंडसंहितेच्या चोरीच्या कलमांखाली ताझीर म्हणून चालतं, आणि तुरुंगवासाची शिक्षा फूटेजच्या जोरावर होऊ शकते.

आता कॅमेऱ्याला दार उघडणारं कलम. कानून-ए-शहादतचं अनुच्छेद 164 म्हणतं की आधुनिक साधनं किंवा तंत्रामुळे मिळालेला पुरावा कोर्ट योग्य वाटेल तिथे मांडू देईल. 2017 मध्ये त्याला परंतुक जोडलं गेलं : अशा पुराव्यावर दोषसिद्धीही कायदेशीर ठरू शकते. ‘योग्य वाटेल तिथे’ हे शब्द हलके घेऊ नका. फूटेज दाखल करून घेणं हा कोर्टाचा विवेक आहे, पक्षकाराचा हक्क नाही. 23 ऑगस्ट 2019 रोजी इश्तियाक अहमद मिर्झा खटल्यात सरन्यायाधीश आसिफ सईद खोसा यांच्या पीठाने अटींची मोठी यादीच दिली. एका न्यायाधीशाच्या वादग्रस्त व्हिडिओवरून ते प्रकरण उभं राहिलं होतं. रेकॉर्डिंग अस्सल आणि छेडछाड न झालेलं असल्याचं सिद्ध करा, रेकॉर्ड करणाऱ्याला हजर करा, ते सुरक्षित ताब्यात होतं हे दाखवा, कोर्टात चालवून दाखवा, त्यातल्या माणसांची ओळख पटवा, ते कुठून आलं ते सांगा. उशिरा पुढे आलेल्या व्हिडिओकडे संशयाने पाहिलं जाईल, हेही त्यात आहे. दुकानात कॅमेरा बसवणाऱ्याने ही यादी वापराची पुस्तिका म्हणून वाचावी. यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिकेपेक्षा ती जास्त उपयोगी आहे.

हे सगळं शरियतला परकं आहे असं मानणारे आहेत, पण तसं नाही. जुन्या फकीहांचा, म्हणजे इस्लामी कायदेपंडितांचा, कागदावरही विश्वास नव्हता. अक्षरासारखं अक्षर काढता येतं, हा त्यांचा आक्षेप होता. आज व्हिडिओबद्दल डीपफेकचा आक्षेप घेतात तो त्याच जातीचा. उस्मानी काळातल्या मजल्ला या कायदासंग्रहाने (1869 ते 1876) त्यावर तोडगा काढला. अनुच्छेद 1736 सांगतं की नुसत्या लिखाणावर आणि मोहरेवर निकाल देऊ नये, पण बनावटीच्या संशयापासून ते मुक्त असेल तर द्यावा. 1741 मध्ये निर्णायक करीनाचं, म्हणजे परिस्थितीजन्य खुणेचं उदाहरण आहे : रिकाम्या घरातून एक माणूस भेदरलेला, हातात रक्ताने माखलेला सुरा घेऊन बाहेर पडताना दिसतो आणि आत नुकताच गळा चिरलेला माणूस सापडतो. मजल्ला दिवाणी व्यवहारांचा ग्रंथ, तरी हे उदाहरण वाचल्यावर दारावरच्या कॅमेऱ्याची आठवण होते. चौदाव्या शतकातले इब्न कय्यिम तर सत्य उघड करणारं जे काही असेल ते सगळं बय्यिना, म्हणजे पुरावा, असंच मानत. दुसऱ्या बाजूला मक्केतल्या फिकह परिषदेने जानेवारी 2002 मध्ये डीएनएला गुन्ह्याच्या तपासात परवानगी दिली, पण हद्द आणि किसास वगळून. ‘शंका असेल तिथे हद्द टाळा’ हे त्यामागचं सूत्र व्हिडिओलाही तसंच लागू पडतं.

खुनाच्या खटल्यात मोठा गैरसमज असतो. फूटेजवर फाशी होत नाही, असं सांगितलं जातं. किसास म्हणून फाशी द्यायची तर दंडसंहितेच्या कलम 304 प्रमाणे कबुली किंवा कानून-ए-शहादतच्या अनुच्छेद 17 च्या मापाचे साक्षीदार लागतात, हे खरं. पण 302(ब) खाली ताझीर म्हणूनही फाशी आहे. इस्लामाबादच्या नूर मुकादम या तरुणीच्या खुनाच्या खटल्यात (घटना 20 जुलै 2021) प्रत्यक्ष खून पाहणारा कुणी नव्हता. घराच्या कॅमेऱ्यांनी टिपलं ते बाहेरचं : पळून जायची धडपड, फाटक बंद होणं, तिला पुन्हा आत ओढणं. डीव्हीआर जप्त होऊन न्यायवैद्यक तपासणीला गेला. 20 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने खुनाबद्दलची फाशी कायम ठेवली आणि फूटेजला ‘मूक साक्षीदार’ मानलं. म्हणजे चित्रणाची प्रक्रिया भरवशाची आहे हे सिद्ध झालं तर ते दृश्य पाहिलेला माणूस वेगळा उभा करावा लागत नाही. मजल्लातला सुरेवाला माणूस दीडशे वर्षांनी असा कोर्टात आला.

आता यंत्राकडे वळू. संचातली पहिली लबाडी ‘1080एन’ नावाची आहे. खोक्यावर 1080 छापलेलं असतं, पण स्वस्त डीव्हीआर रेकॉर्ड करतो 960 गुणिले 1080 ठिपक्यांत, आणि दाखवताना चित्र आडवं ताणतो. चेहऱ्याची रुंदी निम्म्या ठिपक्यांत मावते. थेट चित्र पाहताना हे कळत नाही, जुनं रेकॉर्डिंग थांबवून मोठं केलं की कळतं. अनोळखी माणसाची ओळख पटायला मीटरमागे 250 ठिपके लागतात आणि परिचिताला ओळखायला 125, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. 2.8 मिमी लेन्स साधारण शंभर अंश रुंद पाहते. पूर्ण 1920 ठिपके असतील तर तिच्यातून ओळख पटण्याजोगा चेहरा जेमतेम 3 मीटरपर्यंत मिळतो, 1080एनमध्ये दीड मीटरपर्यंत. कसूरमधल्या 2018 च्या, लहान मुलीच्या बलात्कार-खुनाच्या प्रकरणात फूटेज देशभर टीव्हीवर फिरलं, पण आरोपी पक्का झाला तो डीएनएने, आणि त्यासाठी हजाराहून जास्त नमुने तपासावे लागले. म्हणून चारही कॅमेरे 2.8 चे घेऊ नका. दारावरचा एक 6 मिमीचा घ्या, तो 7 मीटरच्या आसपास चेहरा देतो. तो डोक्यावर तीन-साडेतीन मीटर उंच ठोकला तर टोपीच दिसते. दोन-सव्वादोन मीटर उंची पुरे.

रात्री आणखी दोन गोष्टी बिघडतात. इन्फ्रारेडमध्ये काळं कृत्रिम कापड पांढुरकं दिसतं, त्यामुळे फिर्यादीत ‘काळा सदरा’ आणि पडद्यावर फिका सदरा असं होतं आणि बचाव पक्षाला आयतं कोलीत मिळतं. तपासणीच्या अहवालात रात्रीच्या चित्रातले रंग विश्वसनीय नाहीत हे आधीच लिहून घेतलेलं बरं. दुसरं म्हणजे अडॅप्टर. रात्री कॅमेऱ्यांतले इन्फ्रारेड दिवे पेटले की चारही कॅमेऱ्यांची विजेची ओढ वाढते, आणि तांब्याचा नुसता मुलामा दिलेल्या बारीक वायरवर लांबचा कॅमेरा नेमका तेव्हाच बंद पडतो. दिवसा सगळं झकास, रात्री पडदा काळा. 12 व्होल्ट 5 अँपिअरचा अडॅप्टर आणि अस्सल तांब्याची वायर घ्या. संच मिळून 30 ते 40 वॅट खातो, तेवढ्याला साधा यूपीएस लावाच. वीज जाण्याच्या वेळेत घडलेली घटना फूटेजमध्ये नसणं समजण्यासारखं आहे, पण त्या खिंडाराआधीचं आणि नंतरचंही संशयित ठरतं.

डिस्कचा हिशेब सोपा आहे आणि तरीही सगळे चुकतात. एका कॅमेऱ्याला सेकंदाला 2 मेगाबिट धरले तर दिवसाचे 21.6 जीबी होतात, चार कॅमेऱ्यांचे 86.4 जीबी. 1 टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि जुन्यावर नवं चढू लागतं. तपास अधिकारी बाराव्या दिवशी आला तर त्याला दाखवायला काही उरत नाही. एच.265 (चित्र जास्त दाबून साठवण्याची पद्धत) निवडून बिटरेट निम्मा केला तर तेवीस दिवस मिळतात, पण हलणाऱ्या चेहऱ्याची साय निघून जाते. त्यापेक्षा 4 टीबीची डिस्क घालावी, दीड महिना मिळतो. हालचाल दिसली की रेकॉर्ड करण्याची सोय जागा वाचवते खरी, पण तिच्यात तुकडे पडतात, आणि ‘मधलं कापलं’ हा आरोप इथूनच जन्मतो. निदान दारावरचा कॅमेरा अखंड चालू ठेवा. डिस्क मेली तरी थेट चित्र दिसत राहतं, म्हणून आठवड्यातून एकदा मागच्या रात्रीचं रेकॉर्डिंग उघडून बघा. या संचाला सगळ्यात मोठा दोष हाच : डिस्क बंद पडली की बारीकशी ‘पीं’ वाजते, आणि ती वैताग देते म्हणून बसवणारा ती पहिल्याच दिवशी बंद करून जातो.

घड्याळ ही सगळ्यात नाजूक जागा. काही डीव्हीआर चिनी वेळेवर, म्हणजे जीएमटीच्या आठ तास पुढे, लावलेलेच येतात. पाकिस्तानची वेळ पाच तास पुढे. बसवणारा हाताने घड्याळ बरोबर करतो, मग इंटरनेटवरून वेळ घेण्याची सोय कुणीतरी सुरू करतं आणि यंत्र स्वतःला तीन तास पुढे नेतं. आतलं नाण्याएवढं सीआर2032 सेल संपलेलं असेल तर प्रत्येक वीजकपातीनंतर तारीख 1 जानेवारी 2000 वर जाते. फिर्यादीत रात्री दहा आणि पडद्यावर एक, एवढ्याने शंकेचा फायदा आरोपीला मिळू शकतो. शरियतच्या कोर्टात शंकेचं वजन किती, ते वर आलंच आहे. टाइमझोन आधी, वेळ नंतर, हा क्रम पाळा. दिवसाचा उजेड वाचवण्याचं (डीएसटी) सेटिंग बंद ठेवा.

घटना घडल्यावरची पहिली दहा मिनिटं महत्त्वाची. डीव्हीआर बंद करून पुन्हा सुरू करू नका. मोबाइलवर नेमकी वेळ उघडून तो डीव्हीआरच्या पडद्याशेजारी धरा आणि दोन्ही वेळा एकाच फोटोत घ्या. घड्याळ चुकलेलं असेल तर दुरुस्त करू नका, फरक लिहून ठेवा. जुन्यावर नवं चढण्याची सोय बंद करा, हव्या त्या वेळेच्या फाइलींना कुलूप लावायची सोय असेल तर लावा. मग घटनेच्या अर्धा तास आधीपासून अर्धा तास नंतरपर्यंत, चारही कॅमेऱ्यांचं, न कापता काढून घ्या. कोऱ्या पेन ड्राइव्हला एफएटी32 फॉरमॅट हवा. एका कॅमेऱ्याचा एक तास साधारण 0.9 जीबी भरतो, तेव्हा घटना तासाभराची असेल तर चार कॅमेऱ्यांचे मिळून सव्वासात जीबी होतात, 16 जीबीचा ड्राइव्ह पुरे. काढताना यंत्राचा मूळ फॉरमॅट निवडा आणि त्याचा प्लेयरही सोबत घ्या. एव्हीआयमध्ये बदललं की वेळेची आतली नोंद आणि कधी कधी चित्राच्या काही फ्रेमही जातात. पडद्यासमोर मोबाइल धरून केलेलं शूटिंग गटावर टाकायला ठीक, कोर्टासाठी ते प्रतीची प्रत. यंत्रातली लॉगची यादीही काढा, कोण कधी आत शिरलं ते तिच्यात असतं. विंडोजच्या सर्टयुटिल आज्ञेने प्रत्येक फाइलचा एसएचए-256 हॅश, म्हणजे बोटाच्या ठशासारखा तिचा आकडा, काढून कागदावर उतरवा आणि सही करा.

पोलिस यंत्र घेऊन जातात तेव्हा फर्द, म्हणजे जप्तीचा कागद, वाचल्याशिवाय सही करू नका. त्यात कंपनी, मॉडेल, डीव्हीआरचा अनुक्रमांक, डिस्कचा वेगळा अनुक्रमांक, घड्याळातला फरक आणि पासवर्ड कुणी दिला हे हवंच. पार्सल जागेवर मोहरबंद व्हावं, मालखान्याच्या नोंदवहीत त्याच दिवशी चढावं, आणि लाहोरच्या पंजाब सरकारच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे कोण घेऊन गेलं त्याचं नाव कागदावर यावं. ही साखळी म्हणजे कॅमेऱ्याची तझकिया, असं म्हणायला हरकत नाही. ठाण्यात कुतूहलाने डीव्हीआर सुरू करून पाहणं ही नेहमीची चूक : सुरू होताच तो रेकॉर्ड करू लागतो आणि सगळ्यात जुना भाग पुसू लागतो. डिस्क काढून दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात घातली तर ते फॉरमॅट करायचं विचारतं, आणि कुणीतरी ‘हो’ दाबतं. मालकाचीही साक्ष होते : कधी बसवलं, कोण चालवत होतं, त्या दिवशी चालू होतं का. कारखान्यातला पासवर्ड तसाच ठेवलेला असेल तर उलटतपासणीत तिथेच पहिला घाव बसतो.

कॅमेरा कुठे रोखलाय यालाही शास्त्र आहे. कुराणातली 49:12 ही आयत दुसऱ्याची टेहळणी करायला मना करते. भिंत चढून एका घरात शिरलेल्या खलिफा उमरना त्या घरातला माणूस म्हणाला, माझा गुन्हा एक, तुमचे तीन : टेहळणी केलीत, दाराने आला नाहीत, परवानगी घेतली नाहीत. ही गोष्ट फकीह आजही सांगतात. शेजाऱ्याचं अंगण किंवा खिडकी चौकटीत येत असेल तर डीव्हीआरमधला प्रायव्हसी मास्क लावून तो भाग काळा करा, फुकट सोय आहे. आणि एखादं खाजगी दृश्य टिपलं गेलंच तर ते पसरवून कुणावर झिनाचा आळ घेऊ नका. व्हिडिओ चार साक्षीदारांची जागा घेत नाही, म्हणून आळ घेणाऱ्यावरच कझफचा, म्हणजे 80 फटक्यांच्या हद्दचा, आरोप येऊ शकतो. 2016 चा सायबर कायदा वेगळाच.

हाच संच दुसऱ्या देशात नेला तर गुण बदलतात. इराणच्या 2013 च्या दंडसंहितेत ‘न्यायाधीशाचं ज्ञान’ हा पुराव्याचा स्वतंत्र प्रकार आहे (अनुच्छेद 211), त्यामुळे फूटेज त्या वाटेने हद्दपर्यंतही पोचू शकतं. मात्र शीलाच्या गुन्ह्यांत पुरावा नसेल तर खोदून तपास करायला अनुच्छेद 241 मनाई करतं. मलेशियाच्या 1997 च्या शरिया पुरावा कायद्यात करीना हा बय्यिनाचाच भाग, आणि तिथल्या शरिया कोर्टांची ताकद तीन वर्षं कैद, 5,000 रिंगिट दंड, सहा फटके एवढीच. तिथे हॉटेलच्या बोळातला कॅमेरा पुरतो. सौदीने 2022 मध्ये पाळतीच्या कॅमेऱ्यांचा कायदा करून स्वच्छतागृहं, कपडे बदलायच्या आणि वैद्यकीय तपासणीच्या खोल्या वर्ज्य केल्या. रत्नागिरी-रायगडहून आखातात वायर ओढायला जाणाऱ्यांनी मालक सांगेल तिथे कॅमेरा ठोकण्याआधी हे लक्षात ठेवावं.

भारतात फौजदारी बाबतीत शरियत लागू नाही, पण तुलना करून पाहण्याजोगी आहे. आपल्याकडचं 65-ब प्रमाणपत्र (जुन्या पुरावा कायद्यातलं, यंत्रातल्या नोंदीबद्दलचं) गाजलं ते जालन्यामुळे. तिथल्या विधानसभा निवडणुकीत निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या चित्रणावरून वाद झाला, आणि 14 जुलै 2020 रोजी अर्जुन खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, मूळ यंत्रच कोर्टात आणलं नसेल तर, प्रमाणपत्र बंधनकारक ठरवलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालच्या नमुन्यात तर हॅशचा रकानाच आहे. पाकिस्तानात असा छापील नमुना नाही, तिथे ओझं फर्द, ताब्याची साखळी आणि तज्ज्ञाच्या साक्षीवर पडतं. म्हणून तिथल्या दुकानदाराने कागद जास्त जपायला हवा.

खरेदी करायचीच असेल तर ‘1080 पी, एनमध्ये नाही’ हे दुकानातच रेकॉर्डिंग करून, फाइल काढून, संगणकावर तिचे ठिपके मोजून खात्री करा. डिस्क पाळत-कॅमेऱ्यांसाठी बनवलेली, 4 टीबीची. दारावर 6 मिमी, बाकी तीन 2.8. बिलावर डीव्हीआर आणि डिस्क दोन्हींचे अनुक्रमांक लिहून घ्या. दुकानदार कुरकुरतो, पण लिहून देतो.